माळावरचे बेट

अक्कलकोटास स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी दरवर्षी लक्षावधी माणसे जातात. पुण्यामुंबईकडील यात्रेकरू बहुधा आगगाडीने सोलापुरास उतरतो, किंवा तसाच पुढे अक्कलकोट रोड स्थानकापर्यंत जातो. दौंड मागे पडल्यावर खिडकीबाहेर जो प्रदेश दिसू लागतो तो त्याच्या मनात फारसा भरत नाही. नजर अडेल असा डोंगर नाही, सावली धरील अशी राई नाही. दूरवर पसरलेला, मुरमाड, पिवळसर माळ, मध्येच एखादे बाभळीचे झाड आणि एखादा मेंढ्यांचा कळप. ‘काय हे ओसाड!’ असे म्हणून तो वर्तमानपत्रात डोके घालतो.

श्रोतेहो, या ओसाड म्हणविल्या जाणाऱ्या भूमीविषयीच आज मला बोलावयाचे आहे. अक्कलकोटाहून सोलापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याने आणखी वीस एक किलोमीटर गेले, की नान्नज नावाचे गाव लागते. तेथे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताडोब्याचे सागवान किंवा कोयनेकाठची गर्द झाडी उभी राहते. नान्नजला तसे काहीही नाही. तेथे आहे ते गवत. गवताचे अरण्य असू शकते हे आपण आज विसरलो आहो; आपले पूर्वज मात्र विसरले नव्हते.

‘जंगल’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द संस्कृत ‘जांगल’ या शब्दावरून आला. आज त्याचा अर्थ घनदाट झाडी असा झाला आहे, आणि तो इंग्रजीतही त्याच अर्थाने गेला आहे. परंतु चरकाने देशाचे जे तीन प्रकार सांगितले, जांगल, आनूप आणि साधारण, त्यांत जांगल म्हणजे मोकळा, कोरडा, कमी पाण्याचा, विरळ व काटेरी झाडांचा देश. दाट झाडीचा व पाणथळ देश तो आनूप. यांपैकी वैद्यकाने जांगल देश आरोग्याला हितकर मानला. मनुस्मृतीने राजाला जांगल देशात वास्तव्य करण्यास सांगितले, आणि जेथे कृष्णसार मृग स्वभावतः हिंडतो ती भूमी यज्ञास योग्य म्हणून गौरविली. कृष्णसार म्हणजे आपला काळवीट. तो झाडीत राहत नाही, गवताळ माळावर राहतो. म्हणजे ज्या भूमीला आपण आज पडीक म्हणतो, तिला प्राचीनांनी पवित्र भूमीची खूण मानले होते.

भीमा आणि सीना यांच्या दरम्यानचा, आणि पुढे अक्कलकोटाच्या बाजूने कर्नाटकाच्या सीमेपर्यंत पसरलेला हा प्रदेश शब्दशः जांगल आहे. सह्याद्रीने पावसाळी ढगांतले पाणी आधीच काढून घेतलेले असते. येथे वर्षाकाठी पडतो तो पाऊस साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही लहरी. नदीकाठच्या खोलगट भागात काळी कसदार जमीन आहे. तेथे सोलापूरची प्रसिद्ध ज्वारी पिकते. उंचवट्यावर मात्र काळ्या कातळावर मुरमाचा एक पातळ थर असतो. मोठ्या झाडाच्या मुळाला तेवढी माती पुरत नाही. गवताला ती पुरते. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते मृगाचा पाऊस पडताच उठतात, दिवाळीपर्यंत गुडघाभर होतात आणि उन्हाळ्यात वाळून सोन्यासारखी दिसतात. त्या गवतावर नाकतोडे व भुंगेरे, त्यांवर सरडे व पाखरे, गवतावर थेट पोसणारा काळवीट, त्याच्या मागावर असणारा लांडगा, आणि या सर्वांच्या सोबतीने आपली मेंढरे घेऊन हिंडणारा धनगर, अशी ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली.

या व्यवस्थेचा मानकरी म्हणजे माळढोक. पूर्ण वाढलेला नर उभा राहिला तर सुमारे एक मीटर उंच भरतो आणि त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. आकाशात उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, पाठ तपकिरी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा. चाल संथ, मान ताठ, चोच किंचित वर. गुजरातेत त्याला घोराड म्हणतात, राजस्थानात गोडावण. हिंदीत त्याचे एक नाव हुकना असे आहे; ते त्याच्या खोल, घुमणाऱ्या हुंकारावरून पडले. आपले माळढोक हे नाव त्याच्या घरावरून पडले आहे, आणि ते फार नेमके आहे. कारण माळाखेरीज याला दुसरे घर नाही. त्याच्या पायाला मागचे बोट नसते, त्यामुळे फांदी पकडून झाडावर बसणे त्याला शक्यच नाही. जन्म जमिनीवर, निवारा जमिनीवर, रात्रीची झोपही जमिनीवर.

पावसाळ्याच्या सुमारास नर एखाद्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवितो. ती जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबते; शेपूट वर उभारलेले असते, आणि तो हुंकार दूरवर ऐकू जातो. मादी उघड्या जमिनीवर, घरटे म्हणावे असे काहीही न करता, बहुधा एकच अंडे घालते. सुमारे सत्तावीस दिवस ती एकटी ते उबविते आणि पुढे पिलाला जवळजवळ वर्षभर सोबत बाळगते. वर्षाला एक अंडे, आणि तेही कोल्ह्याच्या, घोरपडीच्या, मेंढीच्या खुराच्या तावडीतून सुटले तर. असा जीव आपल्या संख्येची तूट झटपट भरून काढू शकत नाही. हा एक मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढची सगळी हकीकत त्यावर उभी आहे.

एके काळी हा पक्षी दख्खनच्या पठारावर विपुल होता. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पशुपक्ष्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत त्याची नोंद आहे. शिकारीचा तो मानाचा पक्षी होता. त्याच्या मांसाची वाखाणणी बाबराने आपल्या आत्मवृत्तात करून ठेवली आहे, आणि इंग्रज अधिकाऱ्यांना तर तो तितराहून व सशाहून मोठी शिकार म्हणून प्रिय होता. अहमदनगर भागात मॅन्सफील्ड नावाच्या एका शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. म्हणजे वीस वर्षे दर आठवड्यास जवळजवळ एक. हा आकडा किती मोठा आहे याची कल्पना दुसऱ्या एका आकड्याने येईल. १९६९ च्या सुमारास भावनगरचे राजकुमार धर्मकुमारसिंहजी यांनी सबंध देशातील माळढोकांचा अंदाज बांधला, तो होता सुमारे १,२६०. एका बंदुकीने एका जिल्ह्यात जितके पक्षी मारले, त्यांच्या दीडपटही पक्षी पुढे साऱ्या भारतात उरले नव्हते.

माळढोक मोठा सावध पक्षी. पायी चालणारा माणूस तो दुरूनच ओळखतो आणि अंतर राखून दूर सरकतो. परंतु बैलगाडीची त्याला भीती वाटत नसे, कारण त्याच्या माळावरून गाड्यांची ये-जा नेहमीचीच. शिकाऱ्यांनी हे हेरले आणि ते बैलगाडीत बसून त्याच्या जवळ जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर बैलगाडीच्या जागी जीपगाडी आली आणि उरलीसुरली कसर भरून निघाली. माळावरचा दुसरा मानकरी चित्ता. कोल्हापूरच्या दरबारात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माळढोक त्याच वाटेला लागला होता.

तथापि सारा दोष बंदुकीच्या माथी मारणे हे इतिहासाला धरून होणार नाही. बंदुकीने पक्षी गेले. पक्ष्यांचे घर गेले ते कागदाने. १८३६ मध्ये, सोलापूरला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची नवी जमीन-मोजणी सुरू केली. जमिनीची प्रतवारी लावून, सारा हलका करून, पडलेली जमीन नांगराखाली आणावयाची हा तिचा हेतू होता. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत मोडलेल्या शेतकऱ्याला त्यामुळे दिलासा मिळाला यात शंका नाही. परंतु त्याबरोबर एक दृष्टीही आली. जी जमीन सारा देते ती जमीन. जी देत नाही ती पडीक. गवत, कुरण, गायरान, माळ ही सगळी एकाच ‘पडीक’ या रकान्यात जाऊन बसली. त्या रकान्यात काळवीट लिहिलेला नव्हता, लांडगा नव्हता, माळढोक नव्हता, आणि धनगरही जेमतेमच होता. राज्ये बदलली, १९४८ मध्ये अक्कलकोटसारखी संस्थाने विलीन होऊन मुंबई प्रांतात आली, परंतु हा रकाना तसाच राहिला. सरकारी प्रकल्पासाठी, वसाहतीसाठी, झाडे लावण्यासाठी जमीन हवी असली की आजही प्रथम माळाकडेच बोट दाखविले जाते.

या कथेला वळण लागले ते एका दुष्काळात. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच वर्षी सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे पाहून त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि माळढोकाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, स्थान मिळाले. पुढील दोनतीन वर्षांत अवर्षणप्रवण क्षेत्राच्या विकासाचा कार्यक्रम सोलापूर जिल्ह्यात सुरू झाला. चाऱ्याची सोय व्हावी आणि मातीची धूप थांबावी म्हणून माळाचे काही तुकडे चर खणून व कुंपण घालून राखण्यात आले. नान्नजचे तुकडे त्यांत होते. बेसुमार चराई थांबताच जे घडले ते पाहण्यासारखे होते. दोनचार पावसांत, मेलेले वाटणारे गवत मुळांतून उठले. गवताबरोबर नाकतोडे आले, नाकतोड्यांबरोबर पाखरे आली, आणि माळढोकाच्या मादीला अंडे घालण्यापुरती निवांत जागा मिळाली. माणसाने दुष्काळात गुरांसाठी केलेली योजना पक्ष्याच्या उपयोगी पडली.

१९७९ मध्ये शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले. पुढच्याच वर्षी जयपूर येथे माळढोक व त्याच्या जातभाईंविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी व त्यांचे सहकारी यांनी नान्नज येथे वर्षानुवर्षे ठाण मांडून या पक्ष्याचे जीवन अभ्यासिले. त्या दशकात नान्नजला जाणाऱ्यास माळढोक दिसण्याची चांगली आशा असे. डॉ. सालीम अली यांनी तर भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून याच पक्ष्याचा पुरस्कार केला होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोर सर्वत्र आहे, सर्वांना ठाऊक आहे. सालीम अलींचा आग्रह अशा पक्ष्यासाठी होता की ज्याला त्या मानाची खरी गरज होती.

मग आज परिस्थिती काय आहे? मोकळेपणाने सांगावयाचे तर अभयारण्य आहे, पण माळढोक जवळजवळ नाही. अलीकडच्या वर्षांत नान्नजच्या माळावर एखादीच मादी अधूनमधून दिसल्याची नोंद होते. संरक्षण दिल्यानंतर हे कसे झाले, हा प्रश्न प्रत्येक विचारी माणसाने स्वतःस विचारावा असा आहे.

पहिले कारण संरक्षणाच्या आकारात होते. कागदावर या अभयारण्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर धरले गेले होते. सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतील कित्येक तालुक्यांची गावे, बाजारपेठा, रस्ते, शेते, विहिरी, सगळे त्या रेषेच्या आत आले. प्रत्यक्षात राखलेला गवताचा माळ मात्र त्याच्या एका लहानशा अंशाइतका, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला. रेषेच्या आत राहणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीच्या खरेदीविक्रीस अडचण, घर बांधावयास परवानगी, रस्त्यास परवानगी, कारखान्यास परवानगी. ज्या पक्ष्याला तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ज्वारीच्या शेतात पाहत आला होता, तो पक्षी त्याला आपल्या सर्व अडचणींचे मूळ वाटू लागला. पक्ष्याला यातून काहीच मिळाले नाही. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु तेहतीस वर्षांचा दुरावा रेषा पुसल्याने पुसला जात नाही.

याच्या उलट उदाहरण जवळच आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झाले. त्याचा विस्तार अवघा सव्वादोन चौरस किलोमीटर. लहान असले तरी ते खरोखर राखले गेले आणि तेथे काळवीट वाढले. मात्र काळवीट आणि माळढोक यांची गोष्ट एक नाही. काळविटाला सव्वादोन चौरस किलोमीटरांत कळप करून राहता येते. माळढोक राखीव कुरणात अंडे घालतो, पण चरावयास आसपासच्या ज्वारीच्या, हरभऱ्याच्या, करडईच्या शेतांत हिंडतो, आणि ऋतुमानाप्रमाणे लांब लांब उडून जातो. त्याला कुरण हवे आणि कुरणाभोवतीचा कोरडवाहू मुलूखही हवा.

दुसरे कारण नेमके येथेच आहे. नान्नजभोवतीचा मुलूख बदलला. १९८० च्या सुमारास भीमेवरील उजनी धरण पुरे झाले. जिल्ह्यात कालवे आले, विजेचे पंप आले, कोरडवाहू ज्वारीच्या जागी ऊस आला. नान्नजची द्राक्षे नामांकित झाली. ‘सोनाका’ ही जात तेथलीच. ज्या जिल्ह्याने १८७६ चा आणि १९७२ चा दुष्काळ सोसला, त्याने पाणी मिळताच ऊस लावला म्हणून त्याला दोष कोण देईल? घरात बसून दूध-साखरेचा चहा पिणाऱ्या आपण तर देऊच नये. पण उसाच्या उंच व दाट फडात माळढोक चालू शकत नाही, कारण त्याचे सारे संरक्षण दूरवर पाहण्यात आहे. द्राक्षबागेच्या तारांच्या मांडवात तो उतरू शकत नाही. फवारणीने नाकतोडे मरतात. आकाशात विजेच्या तारा आल्या. या जड पक्ष्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही आणि चटकन वळताही येत नाही. राजस्थानच्या वाळवंटात तारांवर आपटून वर्षाकाठी सुमारे अठरा माळढोक मरत असावेत असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. गावोगाव वाढलेल्या मोकाट कुत्र्यांनी अंडी व पिले धोक्यात आणली. आणि सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे राखीव माळावरही काही ठिकाणी गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. हेतू चांगलाच होता. पण झाड म्हणजे वन आणि गवत म्हणजे पडीक, हा जुना रकाना वनरक्षणाच्या मनातही शिल्लक होता.

अशा रीतीने नान्नजचा माळ हे एक बेट झाले. बेटाला पाण्याने वेढलेले असावे लागते असे नाही. ज्या जीवाला पलीकडे पाय टाकावयास जागा नाही, त्याच्यासाठी तो तुकडा बेटच होय. आणि बेटावरच्या जीवांचे काय होते याचा धडा जगाने एका खऱ्याखुऱ्या बेटावर फार पूर्वी घेतला आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर १५९८ मध्ये डच लोक उतरले. तेथे डोडो नावाचा मोठा, उडता न येणारा पक्षी जमिनीवर घरटे करीत असे. जहाजांबरोबर डुकरे, उंदीर व माकडे आली, आणि पुरती शंभर वर्षे होण्याच्या आत डोडो संपला. त्याचे शेवटचे मानले जाणारे दर्शन १६६२ चे. पुढे त्याच बेटावरचे अरण्य तोडून ऊस लावला गेला, आणि त्या उसाच्या मळ्यांत राबावयास एकोणिसाव्या शतकात जे हिंदी मजूर गेले, त्यांत आपल्या रत्नागिरी-सातारकडची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी करतात. मूळचे चांगले अरण्य आता त्या बेटावर शेकडा दोन भागही उरलेले नाही.

पण मॉरिशसचा धडा एवढ्यावर संपत नाही. त्याच बेटावर एक लहान ससाणा आहे. १९७४ मध्ये मोकळ्या रानात त्याचे अवघे चार पक्षी शिल्लक असल्याचे आढळले होते. जगातील सर्वांत दुर्मिळ पक्षी म्हणून त्याची गणना झाली आणि अनेकांनी आशा सोडली. तेथील कार्यकर्त्यांनी अंडी काढून उबविली, पिले वाढविली, जंगलात घरट्यांसाठी पेट्या बांधल्या, मुंगसाचा व उंदरांचा बंदोबस्त केला, आणि उरलेले अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले. आज तेथे तो ससाणा शेकड्यांनी आहे. डोडो आणि ससाणा, दोघे एकाच बेटाचे. एकाच्या वेळी माणसाला कळलेच नाही. दुसऱ्याच्या वेळी कळले आणि त्याने हातपाय हलविले.

माळढोकाच्या बाबतीतही हातपाय हलविणे सुरू झाले आहे. २०११ मध्ये त्याची नोंद जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. आज मोकळ्या रानात त्याची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते, आणि ते बहुतेक सर्व जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. २०१९ पासून तेथे सम या ठिकाणी अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम चालू आहे. पन्नासाहून अधिक पक्षी अशा रीतीने सांभाळले गेले आहेत, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिलू जन्मास आले. विजेच्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याविषयी कडक आदेश दिला. २०२४ मध्ये, सूर्यशक्तीच्या विजेचीही देशाला निकड आहे हे लक्षात घेऊन, तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. एका बाजूस हवामान सांभाळणारी वीज आणि दुसऱ्या बाजूस एका पक्ष्याचे अस्तित्व, असा हा पेच आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, म्हणूनच तो अवघड आहे.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न मात्र वेगळा आणि अधिक साधा आहे. उद्या राजस्थानातील पिले मोठी झाली, त्यांची पिले झाली, आणि त्यांतील काही जुन्या मुलखात परत पाठवावीत असे ठरले, तर सोलापूर जिल्ह्यात त्यांना उतरावयास माळ असेल काय? पक्षी प्रयोगशाळेत उबविता येईल. माळ उबविता येत नाही. एकदा नांगरला, एकदा खणला, एकदा इमारतीखाली गेला, की मुरमाच्या त्या पातळ थरावरचे गवत, त्या गवतातले किडे आणि त्यांच्यामागचा सारा परिवार पुन्हा जमावयास माणसाचे आयुष्य पुरेल की नाही याची शंका आहे.

आणि माळढोक नसला तरी नान्नजचा माळ रिकामा नाही, हेही सांगितले पाहिजे. गवताच्या पात्यांआडून काळविटांचे कळप अजून उठतात. लांडगा आहे, खोकड आहे. चंडोल उंच चढून गातो, धाविक पक्षी थांबत थांबत धावतो, माळटिटवी आपले अंडे मुरमाच्या खड्यांत असे मिसळून टाकते की पायाखाली येईपर्यंत दिसू नये. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या ससाणे येतात आणि संध्याकाळी शेकड्यांनी गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्यांना हा माळ हजारो मैलांवरून सापडतो.

नान्नजला जाणाऱ्याने वनखात्याची परवानगी घ्यावी, मुक्या रंगाचे कपडे घालावेत, पायवाट सोडू नये, आणि सकाळच्या पहिल्या प्रहरी जावे. पावसाळा सरल्यानंतर, गवत उभे असताना गेल्यास उत्तम. माळढोक दिसेल या अपेक्षेने जाऊ नये. माळ पाहावयास जावे. सोबत मुले असतील तर त्यांना हे गवत कोणते, ते गवत कोणते, असे गुराख्याला विचारावयास सांगावे. तो जेवढी नावे सांगेल तेवढी आपल्या शाळेच्या पुस्तकांत नसतात.

हे सारे राखावयाचे तर काय करावे लागेल, हेही आता अनुभवाने कळले आहे. हजारो चौरस किलोमीटरांची रेषा मारून उपयोग नाही; थोडा माळ, पण खरा राखला पाहिजे. त्यावर झाडे लावण्याचा मोह टाळला पाहिजे. भोवतालच्या शेतकऱ्याने ज्वारी व हरभरा लावून ठेवला तर त्याचे नुकसान होणार नाही अशी तजवीज झाली पाहिजे, कारण पक्ष्याचा भार समाजाने उचलावयाचा आहे, एकट्या त्याने नव्हे. धनगराला त्याच्या मेंढरांसह, ठरावीक ऋतूत व ठरावीक जागी, त्या माळावर स्थान असले पाहिजे. आणि सरकारदफ्तरी ‘पडीक’ हा रकाना जेथे जेथे माळासाठी वापरला जातो, तेथे तेथे तो बदलून ‘गवताळ वन’ असे लिहिले गेले पाहिजे. यांत एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. १९७२ नंतर याच जिल्ह्याने, आजच्याहून कितीतरी हलाखीत, थोडे चर खणून आणि थोडे कुंपण घालून एक माळ जिवंत केला होता. तो अजून जिवंत आहे, आणि त्यावर पाऊस पडला की गवत उगवतच आहे.